मला गाडी लागते

मंडळी, आज आधी प्रश्न. सजवणं पाप आहे का हो?

अशी गप्प बसू नका. मी कीर्तनाला आलोय, परीक्षा घ्यायला नाही. सांगा, हौस करणं वाईट का? इथं बाहेर गाड्या लावल्यात, मी येताना बघत आलो. एका मोटरसायकलला आरसे नाहीत, मडगार्ड नाही, पण आवाज असा की आमच्या मृदंगवाल्या बुवांनी तीनदा मृदंग उचलून बघितला, पान फाटलं की काय म्हणून. कुणाची आहे? हात नका वर करू, बाप बसलाय तिकडं.

यात दोन पक्ष असतात. तरुण म्हणतात, बुवा, गाडी म्हणजे हौस. चार लोकांनी वळून बघितली नाही तर ती गाडी कसली. म्हातारे म्हणतात, गाडी म्हणजे चार चाकं. नेलं, आणलं, संपला विषय. कोण खरं? मी सांगत नाही. गोष्ट सांगतो, तुम्हीच ठरवा.

हां, एक राहिलंच. देऊळ मात्र झकास बांधलंत. कळस काय, या पायऱ्या काय, चकचकीत काळा दगड, तोंड दिसतंय त्यात. मी चढताना धोतर सावरून चढलो. खाली त्या चार-पाच आज्या बसल्यात कडुनिंबाखाली. मी म्हटलं, आजी, वर मंडपात चला. तर म्हणाल्या, नको बुवा, इथं वारा बरा लागतो. बरं, बसा. वारा घ्या. ऐकू येतंय ना तिथवर? छान.

तर ऐका.

एका गावात मच्छिंद्र नावाचा गडी होता. स्वतःचा जेसीबी. विहिरी खण, बांध-ताली घाल, शेततळी काढ. कामाला वाघ, मनानं मऊ. बाप लवकर गेला, आई यमुनाबाईनं वाढवलं. पोरानं पैसा मिळवला आणि गाडी घेतली. घेतली ती घेतली, पण कंपनीनं जशी दिली तशी ठेवील तो मच्छिंद्र कसला!

शहरात नेली. महिनाभर ठेवली. परत आली तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. स्प्रिंगा कापून गाडी पार खाली बसवलेली. टायर रुंद. काचा काळ्या. डिकीत गाण्याचे डबे, एवढे मोठे की स्टेपनीला जागा नाही. गाडीच्या पोटाखाली निळे दिवे. आणि हॉर्न? हॉर्न सनईसारखा. दाबला की लग्नघर आठवावं.

यमुनाबाईनं पूजा केली. कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आता लिंबू चिरडायला गाडी पुढं घ्यायची, तर गाडी इतकी खाली की लिंबू चाकाखाली जायच्या आधी बंपरनंच पुढं ढकललं. लिंबू पुढं, गाडी मागं, सगळी गल्ली हसली. मच्छिंद्रही हसला.

मग त्यानं दार उघडलं. ''आई, बस. पहिली चक्कर तुझी.''

यमुनाबाई पुढं आली. पदर खोचला. एक पाय आत ठेवला, वाकली, अजून वाकली... आणि थांबली. आता तुम्हाला सांगतो, त्या बाईचे दोन्ही गुडघे गेलेले. जन्मभर खुरपणी केलेली बाई. ती बैठक होती जमिनीपासून वीतभर. बसणं एकवेळ जमेल, उठणं कसं व्हायचं? आणि गल्ली बघतेय.

तिनं पाय बाहेर काढला. म्हणाली, ''नको रे बाबा. मला गाडी लागते.''

''काय लागते?''

''गाडी. मळमळतं. डोकं गरगरतं. तू जा, फिरवून आण.''

गाडी लागते म्हणजे माहितेय ना? घाटात काही लोक पिशवी हातात धरून बसतात, ते. मच्छिंद्राला खरं वाटलं. का वाटू नये? आई खोटं कशाला बोलेल? पण मंडळी, त्याला एवढंही आठवलं नाही, की हीच बाई एसटीच्या मागच्या शिटावर बसून, त्याला मांडीवर घेऊन, घाट उतरून माहेरी जायची. आणि उतरल्यावर भावाच्या घरी दोन भाकऱ्या जास्त खायची. तेव्हा नाही कधी लागली गाडी.

त्या दिवसापासून ठरून गेलं. कुठं जायचं म्हटलं, की ''तुम्ही व्हा पुढं, मला गाडी लागते.'' घरात कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता याच मच्छिंद्राचा चुलतभाऊ, कुंडलिक. त्याची एक जुनी व्हॅन. सकाळी गावातलं दूध गोळा करायचं, डेअरीला घालायचं. रंग मूळचा पांढरा, आता कसला ते सांगता येत नाही. दाराला कडीऐवजी दोरी. पण सकाळी चालू व्हायची, संध्याकाळी घरी यायची.

पारावर दोघांची जुंपायची. कुंडलिक म्हणायचा, ''मच्छ्या, तुझी गाडी बसलीय का रे? उठव की तिला.'' मच्छिंद्र म्हणायचा, ''तुझी बघितली की दूध नासतं.'' ''नासू दे, चक्का विकीन.'' पारावरचे लोक दोन्ही बाजूंनी हसायचे. मत कुणाचंच बदलत नव्हतं. चहा तेवढा संपायचा.

आणि आलं लग्न. मच्छिंद्राची बहीण सुनंदा, तिची लेक तेजल. मच्छिंद्र मामा. मामाचा मान काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. नवरीला बोहल्यावर आणायचं मामानं, पाठीशी उभं राहायचं मामानं. तेजल एवढीशी होती तेव्हा याच्या सायकलच्या दांड्यावर बसून म्हणायची, ''मामा, माझ्या लग्नात मला मोटारीतनं आणशील?'' हा म्हणायचा, ''आणीन गं बाई. सगळं गाव बघत राहील अशी आणीन.'' शब्द दिलेला. गाडी घेतली तेव्हाही त्याच्या मनात ते होतंच.

लग्न बहिणीच्या गावी. नवरी सजायला तालुक्याला, पार्लरमध्ये. हल्ली पार्लरशिवाय अक्षता पडत नाहीत. दुपारचा मुहूर्त. तसं आपल्याकडं मुहूर्त आणि लग्न यांची गाठ क्वचितच पडते. पण या लग्नाच्या भटजींना पुढं दुसरं लग्न होतं. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलेलं, ''वेळ चुकली तर मी निघालो. मग संध्याकाळी गोरज मुहूर्तावर बघा.'' आणि वरपक्षाची मोठी बस तर दुपारचं जेवण करून लगेच परत फिरायची होती. नवरीच्या बापाचा जीव टांगणीला लागलेला.

मच्छिंद्र निघाला. शेजारी नवरी, मागं तिची मैत्रीण, मेकअपची पेटी घेऊन. शालू, नथ, मुंडावळ्या, गाडीखाली निळे दिवे, सनईचा हॉर्न. काय थाट म्हणता!

रस्ता नवीन. आणि नवा रस्ता झाला की आपली माणसं पहिलं काय करतात? स्पीड ब्रेकर. शाळेपुढं एक, समजू शकतो. देवळापुढं एक, ठीक आहे. सरपंचाच्या दारात एक. मग निवडणुकीत जो पडला त्याच्याही दारात एक, नाही तर गावात राहायचं कसं?

पहिल्यावरच गाडी खर्रर्र करून घासली. मच्छिंद्रानं ब्रेक मारला. ''तेजल, जरा उतरतेस? वजनानं खाली लागतंय.''

नवरी उतरली. मैत्रीण उतरली. रिकामी गाडी हळूच, तिरकी घेऊन पलीकडं गेली. दोघी चालत पलीकडं आल्या, बसल्या. थोडं पुढं गेलं की दुसरा. ''तेजल, बाळा...'' उतरली. बसली. तिसरा. उतरली.

आता बघा गंमत. गाडीत माणूस नसला की गाडी चालते. माणूस बसला की गाडी टेकते. अशी ती गाडी! वैशाखाचं ऊन, अंगावर जड शालू, नवरी एका हातानं निऱ्या धरून रस्त्यानं चालतेय, मैत्रीण पंख्यानं वारा घालतेय, आणि पुढं रिकामी गाडी सनई वाजवत चाललीय. एक म्हातारबाबा दाराशी बसलेले. त्यांनी विचारलं, ''पोरी, सासरची वाट चालतच धरलीस व्हय?'' तेजल हसली. पण काजळ उतरायला लागलं होतं. मोबाईलवर बापाचे फोनवर फोन.

पुढं ओढा. पुलाचं काम चाललेलं, म्हणून खालून मुरमाचा तात्पुरता रस्ता. मधोमध उंचवटा, दोन्हीकडं चाकोऱ्या. मच्छिंद्रानं देवाचं नाव घेतलं आणि गाडी घातली. आणि बसली. पोट उंचवट्यावर, चाकं हवेत फिरतायत. पुढं जाईना, मागं येईना. ज्या माणसानं जेसीबी लावून अख्ख्या तालुक्याच्या रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या, त्याची गाडी रुतली. आणि जेसीबी? पार दुसऱ्या टोकाला, विहिरीवर.

तेजल खाली उतरून दगडावर बसली. इतका वेळ हसत होती ती पोर. आता तिचं हसू गेलं. मच्छिंद्र तिच्याकडं बघू शकेना. म्हणाला, ''चुकलं गं माझं.'' ती म्हणाली, ''मामा, माझं लग्न मोडणार नाही ना?''

तेवढ्यात मागनं पीं पीं. ओळखलंत ना? कुंडलिक. व्हॅनमध्ये मागं रिकामे कॅन खडखडतायत, आणि पुढच्या शिटावर, खिडकीशी, नऊवारी नेसून, शेंगा सोलत कोण बसलंय? यमुनाबाई. नातीच्या लग्नाला निघालेली.

व्हॅन थांबली. कुंडलिकनं गाडीकडं बघितलं, मच्छिंद्राकडं बघितलं. पारावर असता तर तासभर बोलला असता. आत्ता मात्र खाली उतरला आणि कॅन एका बाजूला सारून पोतं झटकायला लागला. माणूस टिंगल करणारा असला तरी वेळ ओळखणारा होता.

आणि यमुनाबाईनं दार उघडलं. कुणाला हाक मारली नाही. दाराशी एक मूठ बसवलेली होती, ती धरली. खाली एक लाकडी फळी ठोकलेली, वर गोणपाट, पाय घसरू नये म्हणून. त्यावर एक पाय, मग दुसरा, आणि बाई जमिनीवर. चालत नातीकडं आली, पदरानं तिचं तोंड टिपलं. ''ऊठ गं. मामाची गाडी दमली असंल. चल दुधाच्या गाडीतनं. दुधातनं गेलेली पोर कमी पडत नाही कुठं.''

मच्छिंद्र त्या फळीकडं बघत राहिला. म्हणाला, ''आई... तुला गाडी लागते ना?''

यमुनाबाई म्हणाली, ''आज नाही लागली बघ. खिडकी उघडी होती ना.''

ऐकलंत? अजूनही. लेकाला चार माणसांत खाली बघायला लागू नये म्हणून अजूनही खिडकीचंच नाव.

मच्छिंद्रानं कुंडलिकला हळूच विचारलं, ''ही पायरी कधी बसवलीस?''

''तू गाडी आणलीस ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात. काकूला देवळात जायचं होतं. मला म्हणाली, उंच पडतंय. ठोकली फळी.''

बस. एवढंच बोलणं झालं. मच्छिंद्रानं त्या दिवशी आईला फळीवर चढवायला हात दिला. तिनं नको म्हटलं नाही.

पोचले का? पोचले हो! भटजी चप्पल घालत होते. मच्छिंद्र दुधाच्या व्हॅनमधून उतरला, भाचीचा हात धरून बोहल्यावर आला. शालूला दुधाचा वास, कॅनाचा डाग. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मामा पाठीशी उभा आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी. बायका म्हणाल्या, भाचीवर किती जीव बघा. भाचीवर होताच. पण ते पाणी दुसऱ्या बाईसाठी होतं. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून अक्षता टाकत होती.

आता तुम्ही विचाराल, मग त्यानं गाडी विकली? नाही. का विकावी? स्प्रिंगा बदलून गाडी वर घेतली. पुढच्या दाराखाली पायरी बसवली, ती कुंडलिकनंच बसवून दिली, बोलणी खाऊ घालत घालत. आईला बसवलं. निघाले. वेशीवर आले तेव्हा यमुनाबाई काय म्हणाली माहितेय?

''मच्छिंद्रा, ते निळे दिवे आहेत का अजून?''

''आहेत की.''

''मग लाव ना. आन् ती सनई वाजव. त्या सखूच्या घरावरनं घे, तिला कळू दे.''

बघा! पोरापेक्षा आई हौशी निघाली. तिला हौस नव्हती असं कोण म्हणालं? तिला जागा नव्हती.

तर मंडळी, सजवणं पाप नाही. दिवे लावा, रंग मारा, सनई बसवा. फक्त सजवताना बघा, आपलं माणूस बाहेर राहिलं का. मच्छिंद्रानं गाडी बदलली, कुंडलिकनंही बदलली. एकानं स्प्रिंगा कापल्या, एकानं फळी ठोकली. बदलली कुणासाठी, एवढाच फरक. बिचाऱ्या मच्छिंद्राला वाटत होतं आईला गाडी लागते, आणि लागत होता तो गुडघा.

आता घरी गेल्यावर आठवा. तुमच्या घरात कोण म्हणतं, ''मला गोड आवडत नाही''? कोण म्हणतं, ''तुम्ही जा लग्नाला, मला गर्दीत कसंतरी होतं''? खरंच आवडत नाही का हो? दुसऱ्यांदा विचारून बघा.

घरी कशाला, इथंच बघू. देऊळ सुंदर बांधलंत, मी मघाशी म्हटलं, खरंच म्हटलं. पायऱ्यांत तोंड दिसतंय. पण त्या किती उंच आहेत, आणि धरायला कुठं काही आहे का?

आजी, अहो कडुनिंबाखालच्या आजी! देवाच्या दारात बसलाय, खरं सांगा. वारा लागतो, की पायरी लागते?

हसताय होय? पदर तोंडाला लावून हसतायत बघा.

ऐका, उद्या कठडा बसवायचा तो बसवा. आज तुमचे हात आहेत ना? तो मोटरसायकलवाला कुठाय, ऊठ बाबा. अजून दोघं-तिघं उठा. सावकाश, एकेकीला धरून वर आणा. मृदंगवाले बुवा, तुम्ही हळू ठेका धरा. मी थांबतो. आज देवाचं नाव त्या वर आल्यावरच घेऊ.