दादांचं हँडल

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, गंमत ऐका. ज्या लेथवर लोखंड कातत त्यांनी टर्नरकी केली, ती कारखान्याने भंगारात काढल्यावर त्यांनी ती श्रीरामपूरला घरी आणली. मी व्हिडिओ बघून तिला कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी केली. टूल पुढंमागं सरकवायचं हँडल काढलं, मोटर बसवली.

पहिल्याच जॉबला लाईट गेली आणि टूल कातायच्या लोखंडात रुतलं. मागं घ्यायला हँडलच नाही!

दादा उठले, देवघरातून हँडल घेऊन आले. त्यावर खंडेनवमीचं कुंकू होतं.

"दादा, हे मी भंगारात टाकलं होतं!"

"म्हनून तर उचलून ठिवलं."

त्यांनी मोटर सोडवली, हँडल लावून दोन उलटे फेरे दिले. टूल सुटलं.

आता ते हँडल मी मोटरच्या मागच्या टोकाला कायमचं बसवलंय. दादा येता-जाता एकदा फिरवतातच. त्यानं मशीनचं झिरो सेटिंग, म्हणजे टूलची सुरुवातीची जागा, रोज हलतं. मी रोज गुपचूप परत लावतो.