हुंगून बघ

बायको : यांना दारू सोडवायची गोळी मीच देते, डॉक्टर. रोज सकाळी, माझ्यासमोर. गिळली की आ करायला लावते, जीभ वर करून बघते. चौदा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. तरी काल प्यायलेच!

डॉक्टर : कशावरून?

बायको : अहो, तोंड लालबुंद, धाप लागलेली. दारातच भडाभडा ओकले. तुम्हीच म्हणाला होतात ना, या गोळीवर घोटभर घेतली तरी असं होईल म्हणून?

डॉक्टर : ते काय म्हणाले?

बायको : म्हणाले, "थेंब घेतला नाही गं. हुंगून बघ." हुंगलं. हातांना, शर्टाला भपकन वास! माझं डोकंच फिरलं. लेकीसमोर पुन्हा तोच तमाशा नको म्हणून त्यांना बाहेरच ठेवून दार लावून घेतलं.

डॉक्टर : किती वेळ?

बायको : तासभर. जिन्यात पडलेत म्हणून शेजारच्या काकूंनी हाका मारल्या, तेव्हा उघडलं.

डॉक्टर : काम काय करतात सध्या?

बायको : फर्निचरच्या कारखान्यात असतात. वर्षभर नुसती लाकडं घासली. मालक पॉलिशच्या स्पिरिटचा डबा कुलपात ठेवायचा, यांचा भरवसा नव्हता ना! कालच पहिल्यांदा पॉलिशला बसवलं. डबा स्वतः हातात देणार म्हणाला होता. सकाळी केवढे खूश होते!

डॉक्टर : पॉलिशची खोली बंद ठेवतात?

बायको : हो. पंखासुद्धा बंद. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणे.

डॉक्टर : बाई, स्पिरिट दारूच्याच जातीचं. दिवसभर त्याची वाफ नाकातोंडात गेली. या गोळीला तेवढंही पुरतं कधीकधी. काम बदलणार असेल तर आधी विचारा, हे मी बजावायला हवं होतं. रक्त तपासलंय आम्ही. ते खरं बोलत होते.

बायको : काय सांगताय?... मी त्यांना "यापेक्षा विधवा झालेली बरी" म्हणाले हो! दाराआडून. लेक ऐकत होती.

डॉक्टर : धोका टळलाय. ती गोळी बंद केली, दुसरं औषध बघू. जा, भेटा त्यांना.

(पडद्यापलीकडे खाट. तो भिंतीकडे तोंड करून पडला आहे.)

बायको : अहो... माझं चुकलं हो. ऐकताय ना?

नवरा : आलीस? थांब, उठतो. नर्सबाईंकडून साबण मागून घेतला, दोनदा हात धुतलेत. हुंगून बघ. आ पण करतो, ही बघ जीभ वर केली. आता घरात घेशील?