तांब्याचं कडं

हिंगणीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे बसले होते. एकाच्या मांडीवर तांब्याच्या नळीचं, सायकलच्या चाकाएवढं कडं होतं.

"महादेवराव, हे काय घेऊन चालले?"

"हॅम रेडिओचा एंटेना हाये. घरीच बनवलता. कॉलेजच्या पोरांले देऊन टाकतो."

"दूरच्या लोकांशी बोलाचा रेडिओ ना तो? काऊन, बिघडला का?"

"नाई. सुमित्रा गेली तवापासून आवाज धरत नाई."

"वहिनीचा काय संबंध त्याच्यात?"

"हे कडं बांबूले बांधलं, ते वाऱ्यानं हलते म्हणून ती गच्चीवर बांबू धरून उभी राहे. माणूस जवळ असला का ट्यूनिंग बदलते. मी ते ती उभी असतानाच जुळवलतं."

"मंग आता बटन जरासं फिरवा ना."

"तेवढंच करा लागते."

"मंग?"

"तिले म्हणो, हलू नको, बोलू नको, आवाज फाटते. अन् जपानच्या माणसाशी घंटा घंटा बोलत बसो. ती उभीच राहे."

"पोरं तर फिरवतीनच ते बटन."

"त्याईले फिरवू द्या. माह्यानं नाई होत."