बराबर लगता

किल्ली कुलपाला लागते म्हणजे काय होतं, हे आता मला अंबरपेठचा एक दुकानदार शिकवणार? लांबचे पक्षी जवळ दिसावेत म्हणून टेलिकन्व्हर्टर घ्यायला गेलो होतो. तो कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसतो. लेन्स बायकोची, आणि ती वेगळ्याच कंपनीची. म्हणून मी तीनदा विचारलं, “भाई, ये दूसरी कंपनी के लेन्स को लगता ना?” तिन्ही वेळा तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, “हौ साब, बराबर लगता.”

घरी बायकोसमोर मोठ्या ऐटीत जोडायला घेतला, तर कर्रकन आवाज आला. कन्व्हर्टरची काच पुढे आलेली असते, ती लेन्सच्या मागच्या काचेवर आपटली आणि हा एवढा ओरखडा पडला.  बायकोने कॅमेऱ्याची बॅग उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

मी लेन्स घेऊन तसाच परत दुकानात. म्हटलं, “तीन बार पूछा मैं. तीनों बार तुम लगता बोले.”

त्याने लेन्स उजेडात धरली, ओरखडा नीट निरखला आणि शांतपणे मान डोलावली.

“हौ तो साब. देखो, कित्ता जोर से लगा.”