हळदीचा कुकर आणि तीन बॅरल पाणी

माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आणि दिलं मला खाली कृष्णाकाठी, सांगलीच्या बाजूला. चौथीपर्यंत शाळा झाली, मग घरात बसवलं. वाचता येतं, लिवायचा कंटाळा, म्हणून तर तुमाला बोलावलं. आमचा धंदा हळद शिजवायचा. आधी मोठ्या काहिलीत शिजवायचो, जाळापुढं बसून तोंड करपायचं, मग आमच्या मालकांनी कुकर घेतला. घरातला न्हवं, ह्यो चाकावरचा, मधी पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला चार पिंपं, पिंपात हळद भरायची आणि वाफेवर शिजवायची. गाडीच्या मागं जोडायचा आणि गावोगाव न्यायचा. हंगामात आमी रस्त्यावरच. संपतचं, माझ्या लेकाचं, बारसंसुदीक एका गिऱ्हाइकाच्या खळ्यावर झालं, हळदीच्या ढिगाशेजारी, त्यात काय विशेष न्हाई, काम सोडून कोण घरी जातंय.

मालकांची एक रीत व्हती. कुकर कुणाच्या खळ्यावर न्यायचा तर टाकी भरून न्यायचा, आपल्या हिरीचं पाणी, तीन बॅरल. पयली वाफ आपल्या पाण्याची, मग गिऱ्हाइकाचं पाणी घ्यायचं. रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई म्हणायचे. ते गेले, रीत मी ठेवली. संपत तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, पण भरायचा.

ट्रॅक्टर आमच्याकडं कवाच न्हवता, पिकअप हाय, जुनी. खाली सपाटीला ती वढायची. पण माझा भाचा दिनकर, माहेरचा, त्याची हळद डोंगरावर. वस्तीच्या खाली एक चढ हाय, वळणाचा, तितं एकट्या माणसाच्या हळदीसाठी ट्रॅक्टरला कुकर जोडून फिरणारे चढत न्हाईत. म्हणून दर साली आमीच जायचो, गाडीत दम व्हता तवर भरल्या टाकीनं बी चढायची. आता हळद काढली की थांबत न्हाई बघा, चार-सहा दिवसांत शिजवायला पायजे, न्हाईतर माल उतरतो.

मागच्या हंगामात गाडी दमाय लागली. काळा धूर टाकायची, डिझेल नुसती प्यायची, चढ दिसला की थरथरायची. संपत म्हणला, आई, ही इकू आणि ट्रॅक्टर घेऊ. मी म्हणलं, आधी हिला काय झालंय ते बघ, माणूस खोकला म्हणून त्याला इकतोस व्हय रं. मग आमी कराडच्या रस्त्याला एक मिस्त्री हाय त्याच्याकडं गेलो. मिलिटरीतनं रिटायर झालेला, तितं वीस वर्सं गाड्याच दुरुस्त केल्या. आमची गाडी बघून म्हणला, मावशी, हिला नवरीवाणी नटवलीया कुणी. पुढं लोखंडी बंपर, वर कॅरियर, दोन-दोन भोंगे, खाली स्प्रिंगांचे जादा पाटे. संपत म्हणला, मजबूत व्हावी म्हणून. मिस्त्री म्हणला, अरे बेटा, हे चार माणसांचं वजन हाय, ते बी अशी माणसं जी कवा खाली उतरून ढकलत न्हाईत.

मग त्यानं एकेक काढलं. हवेचा फिल्टर काढून फरशीवर आपटला, तर राख पडली, उसाच्या पाचटाची. आमी गाडी भट्टीशेजारीच लावतो, तिच्या नाकात सगळा धूर जातो, ते आमच्या डोक्यात कवा आलं न्हाई. मग मागच्या चाकाला हात लाव म्हणला, लावला तर चटका बसला, ब्रेक धरून ऱ्हायला व्हता, म्हणजे गाडी आपल्याच पायात पाय घालून चालत व्हती. कुकरच्या चाकांना वंगण न्हाई, टायरात हवा कमी. ब्रेक मोकळा केला, हवा नीट भरली, बंपर आणि कॅरियर काढलं, क्लच नीट केला, आणि सांगितलं, जळण कुकरवर लादू नका, गाडीच्या हौद्यात टाका, मागची चाकं दाबून बसली तर घसरत न्हाईत, कुकर मागं जड झाला तर गाडीचं बूड उचलतो. नवीन असं काय घातलंच न्हाई. संपतला म्हणला, आणि बेटा, चढ सुरू व्हायच्या आधी गिअर टाक, मधी मरायला लागल्यावर न्हवं.

संपत वंगणाचा डबा आणायला गेला तवा मिस्त्रीनं कुकरवर हात ठेवला आणि मला इचारलं, मावशी, रस्त्यानं ही टाकी रिकामीच असती न्हवं. मी म्हणलं, व्हय.

असं का म्हणलं मी. खरं सांगितलं तर हसला असता म्हणून. फौजी माणूस, म्हणला असता, पाणी डोंगरावर इकायला नेता काय. बास, एवढंच कारण. त्यानं रिकामा कुकर जोडून फुडच्या पुलाच्या चढावर नेऊन बघितला, गाडी खेळण्यावाणी चढली. खुश झाला.

दिनकरचा फोन आला, हळद काढलीया, या. निघायच्या सकाळी मी टाकी भरून घेतली. संपतला वाटलं, टाकी भरून नेतो ते मिस्त्रीला ठावं हाय. खालच्या रस्त्यानं गाडी अशी पळाली, काय सांगू, निम्म्या वाटंत काटा हलला न्हाई डिझेलचा. आणि त्या वळणावर मेली. परत लावली, परत मेली, कुकर मागं वढायला लागला, मी उतरून चाकाखाली दगड घातला. तीनदा केलं. संपतनं कुकर सोडवला, लालबुंद झाला व्हता, म्हणला, फसवलं त्या मिस्त्रीनं, आणि मला तितं बसवून गाडी घेऊन पाटणला गेला, ट्रॅक्टर मिळतोय का बघायला. बाजाराचा दिवस व्हता.

मी कुकरपाशी बसले. दिनकर मोटरसायकलवरनं खाली आला. आत्या, दर साली मी तुझ्यासाठी थांबतो, औंदा न्हाई थांबणार. उद्या सकाळपर्यंत वर आला न्हाई तर खालच्या ट्रॅक्टरवाल्याला जादा देऊन आणीन आणि मग दर साली त्योच. त्याचं बरोबर व्हतं. मी म्हणलं, पाणी हाय का रं वर. म्हणला, दोन वर्सं झाली नळ येऊन, तू हात धुतीस की त्याच नळावर.

धुते की. बघा, आमच्या मालकांनी रीत घातली तवा वर हंडाभर पाण्याला बायका अर्धा कोस चालायच्या, मी चाललेय. तितं चाळीस-पन्नास हंडं कोण देणार, म्हणून त्यो माणूस पाणी घेऊन जायचा. रिकामं भांडं, कुणाचं दार, हे बोलणं त्यानं वरनं लावलेलं. मला हे आधी कळायला पायजे व्हतं, माझंच माहेर ते. मी टाकीचा कॉक फिरवला. पाणी रस्त्यानं खाली गेलं, लय वेळ गेलं. वाईट वाटलं का म्हणून इचारू नका, सगळे इचारतात. न्हाई वाटलं. उशीर झाला एवढं वाटलं.

संपत हात हलवत आला, ट्रॅक्टर मिळाला न्हवता. रस्ता ओला बघून टाकी वाजवून बघितली. मी म्हणलं, मिस्त्रीला मी खोटं सांगितलंय, जोड आता. गाडी चढली, खालीच गिअर टाकला, एका दमात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिनकरची सगळी हळद शिजली, नळाच्या पाण्यावर, माल उत्तम निघाला. ट्रॅक्टरचं नाव संपतनं परत काढलं न्हाई. आता टाकी रिकामीच नेतो, एका टाकी डिझेलात पूर्वी दोन गावं व्हायची, तिथं तीन व्हत्यात.

पण संपतनं त्या बाजारात चहाच्या गाड्यावर, पंपावर, पंधरा माणसात मिस्त्रीला चोर म्हणलं व्हतं. वरची गिऱ्हाइकं त्याच्याकडं जायची बंद झाली. मी त्याच्याकडं जाऊन सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणला, फौजेत खोटं बोललं की मैदानाला दहा फेऱ्या असत्यात मावशी, तुमाला एक बी झेपायची न्हाई, चहा घ्या. मग मी संपतला घेऊन पाटणच्या बाजारात दोनदा गेले, त्याच गाड्यावर त्याला बोलायला लावलं, मी बी बोलले. लोक म्हणले, आसंल आसंल, आणि वडापाव खायला लागले. चोर म्हणलेलं एका दिवसात डोंगर चढलं, न्हाई म्हणलेलं अजून पायथ्याला हाय. माझं वय झालं, आता दर बाजारी जाणं व्हत न्हाई. तुमी लिवणारी माणसं, देव तुमाला बरं ठेवो, तुमचं लांबपर्यंत वाचत्यात. माझं माहेर, माझं लगीन, ते गाळलं तरी चालंल. मिस्त्रीनं गाडी चांगली केली व्हती, खोटं मी बोलले, एवढं मात्र नीट लिवा.