प्लाझ्मात दिसलेली वाट

टीव्ही घेण्याआधी घराचं दार कुठल्या बाजूला आहे ते बघा, हे मला दुकानात कुणी सांगितलंच नाही. दूर शिकून मी इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी परतले होते आणि घरच्यांना खरा सिनेमा दाखवायचाच, असा ध्यास घेतला होता. वडील, म्हणजे आबा, एलसीडी म्हणत होते. मी म्हटलं, "आबा, प्लाझ्माच. त्यात काळोखसुद्धा खरा दिसतो."

घरी लावला, तर समोरचं उघडं दार आणि उसातली पायवाट जशीच्या तशी त्याच्या चकचकीत काचेत! सिनेमा त्यामागं कुठंतरी पुसट.

"दुपारचं दार लावूया ना," मी म्हटलं.

"दिवसाढवळ्या दार लावायचं? आल्या-गेल्यानं काय समजायचं गं? उद्या बदलून आण." आबांनी टीव्ही बंद केला आणि ते खोका काढायला लागले.

आई मात्र दाराकडं पाठ करून शेंगा सोलत त्या काळ्या काचेकडं एकटक बघत होती. सैन्यातला दादा सुट्टीवर यायचा होता. सकाळपासून ती सारखी उठून दारात जात होती.

"आवं, ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "हितनं वाट लय लांबवर दिसतीया."

आम्हीही तिच्याजवळ बसलो. काचेत ऊस हलत होता. कितीतरी वेळानं त्यात एक ठिपका उमटला, मग खांद्यावरची ट्रंक दिसली, मग दादाचं हसू.

कुणी मागं वळलंच नाही. बंद टीव्हीकडं बघतच खोका बाजूला सारत आबा म्हणाले, "आवाज वाढीव गं."