दसऱ्यानंतरच्या फायली

जबाब देणार: श्रीमती दामिनी हेमराज दोनाडकर, वय ३४ वर्षे, व्यवसाय खाजगी शाळेत शिक्षिका, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर.

पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी सासू व मुलीसह राहते. माझे पती हेमराज हे सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत संगणकाचे काम करत होते. कोणाला रक्त कधी दिले, पुन्हा कधी द्यायचे, या नोंदी त्यांच्याकडे होत्या. दिवाळीनंतर मोटारसायकलच्या अपघातात ते मरण पावले.

पुढच्याच आठवड्यात संस्थेचा मुख्य संगणक बिघडला व नोंदी गेल्या. पोळ्याच्या सुमाराची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर होती. त्यानंतरचे बदल लॉग नावाच्या फायलींत, ओळीने अंक पडून, त्याच डिस्कवर साठत होते. जुन्या प्रतीवर या फायली क्रमाने चढवल्या की नोंदी परत येतात. पुढची फाईल सापडली नाही तर काम तिथेच अडते. ते दसऱ्यापाशी अडले. पतीने नंतरच्या फायली मुद्दाम पुसल्या असाव्यात, असा अर्ज संस्थेच्या सचिवांनी पोलीस स्टेशनला दिला.

काल मला संस्थेत बोलावले. दुरुस्तीला नागपूरहून आलेले अंकुश म्हणाले, "वहिनी, दसऱ्याच्या दिवसाचा लॉग काऊन नाई?"

"त्या दिवशी ते मशीन चालूच नाई करत. हळदकुंकू लावून ठेवत."

"मशीनलेबी सुट्टी?"

"बैलाले पोळ्याची रायते, मशीनले दसऱ्याची, असं म्हणत."

अंकुश हसले. सचिव हसले नाहीत. मी सांगितले की, दसऱ्यानंतर ते दरवर्षी नवा फोल्डर उघडून काम सुरू करत.

अंकुश म्हणाले, "'सोनं' नावाचा एक दिसला होता. घरच्या दागिन्यांचे फोटो असतीन वाटलं. गेलेल्या माणसाचं खाजगी, म्हणून नाई उघडला."

मी म्हणाले, "उघडा, भाऊ."

आधी चढलेल्या शेवटच्या फाईलच्या पुढचाच अंक त्यातल्या पहिल्या फाईलला होता. मध्ये काहीही गहाळ नव्हते. फायली चढू लागल्या. प्रत्येक नोंदीपुढे भरणाऱ्याचे नाव येत होते. हेमराज, हेमराज असे येत होते. मी शेवटपर्यंत बसून राहिले.

शेवटची नोंद अपघाताच्या दिवसाची आहे. एटापल्लीच्या बुधरीला येत्या मंगळवारी रक्त द्यायचे आहे. सचिवांनी लगेच तिकडच्या नर्सबाईंना फोन लावला. त्याखाली आणखी एक नोंद सुरू झालेली होती. अर्धी राहिलेली नोंद संगणक ठेवत नाही, असे अंकुश यांनी सांगितले. ती कोणाची, ते कळले नाही.

माझ्या पतीने कोणतीही फाईल पुसलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. एका ठिकाणी मी "काम करतात" असे सांगितले होते, ते "करत होते" असे दुरुस्त केले आहे. दुरुस्तीशेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.